श्वासाची उशी

पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट झाली, तेव्हा स्कॅनचं मशीन चालवणारे मामा जांभई देत होते. जांभई अर्धीच राहिली.

“बाई, गेला की काय तुमचा जावई?”

उंदराला ते जावई म्हणत; इतकी बडदास्त दुसऱ्या कुणाची होत नाही, हा त्यांचा पुरावा. मशीनच्या बोगद्यात बेशुद्ध पडलेल्या या जावयाला आधी नशेची सवय लावली होती, मग ती तोडली होती. तुटल्यावर मेंदू कसा सावरतो, ते आजच्याच स्कॅनमध्ये दिसणार होतं. गटातला हा शेवटचा. बाईंची संशोधनाची नोकरी याच महिन्यात संपत होती आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गट पूर्ण झाला तर मुदतवाढ. सुनेला ‘उंदरांची डॉक्टरीण’ म्हणणाऱ्या सासूबाईसुद्धा हल्ली मुदतवाढीची चौकशी करत.

“पोटाखालची उशी सरकली असेल,” बाई म्हणाल्या. श्वास मोजणारी ती बोटाएवढी उशी त्यांनीच लावली होती, घाईत.

“नाहीतर मेला असेल. काढून बघायचं?”

“काढला की स्कॅन गेला. आज पुन्हा भूल देता येणार नाही, आणि उद्या घेऊन उपयोग नाही.”

“मग बसा बघत.”

मशीन ठकठकत राहिलं. बाईंनी मनात जमाखर्च मांडला. मेला असेल, तर स्कॅन तसाही गेला. जिवंत असेल, तर हात लावायचं कारण नाही. कसंही पाहिलं तरी थांबण्यातच फायदा. फक्त मरायला टेकलेला उंदीर या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

“काढा बाहेर.”

उंदीर बाहेर आला. बरगड्या संथपणे वरखाली होत होत्या. उशी शेपटीकडे सरकलेली.

मामांनी त्याला शुद्धीवर येईपर्यंत उबदार पेटीत ठेवलं. “मशीन अडकलं म्हणून सांगतो सरांना. मशीनला कुठे मुदतवाढ हवीय?”

“नको, मामा. उशी मी लावली होती.”

सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तो ठीक होता?”

“हो, सर.”

“मग काढलास कशाला?”

“तेव्हा माहीत नव्हतं, सर.”

“बरं,” सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाई उबदार पेटीपाशी उभ्या राहिल्या. उंदराने डोळे उघडले, डगमगत दोन पावलं टाकली आणि त्यांच्या हातमोज्याला टेकून बसला. मामांनी मशीनची खोली बंद केली, एकेक दिवा मालवला. पेटीवरचा तेवढा न विचारता चालू ठेवला.