गाडी सुरू झाली तर

शामबेतला जाऊन बेचाळीस दिवस झाले होते, आणि गोठ्यात ठेवलेली त्याची जुनी व्होल्गा गाडी सुरू करायच्या खटपटीचा तो आमचा तिसरा दिवस होता.

आमचा म्हणजे माझा आणि त्याच्या मुलाचा, दूलातचा. दूलात बिश्केकला पावाच्या भट्टीत काम करतो. बापाचं चाळिसाव्या दिवसाचं कार्य उरकून आईला हिवाळ्यापुरतं शहरात न्यायचं, एवढ्या कामासाठी त्याला सुट्टी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि आज शुक्रवार. वर खिंडीत पांढरं दिसायला लागलं होतं. एकदा ती बंद झाली की आमचं गाव मार्चपर्यंत आपापल्या चुलीशी. सत्तरी ओलांडलेली बाई चार महिने एकटीच शेण्या फोडणार आणि एकटीच पाणी आणणार, या विचाराने पोराला झोप नव्हती.

आणि त्याच्या आईने, बुरुल-एजेने (एजे म्हणजे ताई), तर एकच सांगितलं होतं. भांडण नाही, रडणं नाही. चहा ओतता ओतता म्हणाली, "गाडी सुरू झाली तर येते. नाही झाली तर तू जा."

दूलातने जीपवाला ठरवतो म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणाली, जीपचं मला काय सांगतोस. त्याचं एक जित्राब गोठ्यात आडवं पडलंय आणि मी दार लावून निघून जाऊ?

तेव्हा कामाला लागण्यावाचून इलाज नव्हता. मी चाळीस वर्षं गावच्या ट्रॅक्टरांची पोटं उघडत आलोय. गाडी म्हटली की हवा, तेल आणि ठिणगी, चौथं काही नसतं. पण माणूस थकला की साधी गोष्टही सरळ करत नाही. पहिल्या दिवशी मी बॅटरीच्या मागे लागलो. तिच्यात दम नव्हता हे खरंच होतं. माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. गाडी घर्र घर्र करायची, पण पुढे काही नाही. मग हँडल. बिस्मिल्ला म्हणून मी वीस वेळा फिरवलं, दूलातने पन्नास वेळा. भिंतीवरून शेजारी बघत होता. म्हणाला, "तुर्दू, अजून दोन दिवस असाच फिरवत राहा. गाडी नाही, पण तू सुरू होशील."

दुसऱ्या दिवशी पेट्रोल. टाकी रिकामी केली, गाळली, कार्बोरेटर खोलून त्याच्या बारीक भोकांत तोंडाने फुंकर मारली. संध्याकाळपर्यंत माझ्या जिभेला चहाची चव लागेना. परत भरलं, परत हँडल. दूलातच्या तळहाताला फोड आले. तो नुसता भिंतीला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या डुलकी घ्यायचा. आई येऊन दोन वाट्या चहा ठेवून जायची. गाडीकडे बघायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढले. पेट्रोलने भिजलेले. म्हणजे खाणं पोटात पोचत होतं, पेटत नव्हतं. ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलची जाड वायर लोखंडाजवळ धरली आणि दूलातला हँडल मारायला सांगितलं, तर निळी, जाडजूड ठिणगी. कॉइल ठणठणीत. मग कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये उरलं काय? डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे ती ठिणगी प्लगना वाटणाऱ्या डब्याची, टोपी. ती मी तीन दिवसांत उघडलीच नव्हती. का, तर गेल्या वसंतात ती मीच बसवली होती. स्वतःच्या हातावरचा भरवसा हा असा असतो.

दोन क्लिपा सोडल्या, टोपी उचलली. आत मधला दांडा उघडा. रोटरच नाही.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी. दांड्यावर बसून गोल फिरतो आणि चारी प्लगना पाळीपाळीने आग वाटतो. तो नसला की सगळी गाडी धडधाकट आणि तरी मेलेली. जुन्या डेपोतले ड्रायव्हर गाडी सोडून जाताना तो काढून खिशात टाकायचे, म्हणजे चोराच्या बापालाही गाडी हलवता येणार नाही. शामबेतने नारिनच्या डेपोत वीस वर्षं काढली होती. आमच्या गावात कुणी दारालाही कुलूप लावत नाही, इथेही तो ते करत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बुरुल-एजेला विचारलं. ती म्हणाली, "छातीच्या खिशात रुमालात गुंडाळून काहीतरी असायचं. पन्नास वर्षं असायचं. मी कधी विचारलं नाही. पुरुषाला एक खिसा आपला असू द्यावा."

"कोणता कोट, एजे?"

"तपकिरी." आणि ती चुलीकडे वळली.

आम्ही दोघंही समजलो. आमच्यात मेलेल्या माणसाला जे न्हाऊ घालतात, त्यांना त्याचे कपडे जातात. तपकिरी कोट खालच्या आळीतल्या ओमुरालीकडे गेला होता. दिलेल्या कपड्याकडे वळून बघायचं नसतं, मागायचं तर दूरच. रस्त्यात दूलात दोनदा थांबला. म्हणाला, बाइके (मोठ्या माणसाला आमच्यात असंच म्हणतात), तोंड कसं उघडू? मी म्हटलं, कोट थोडाच मागतोय आपण, खिशातलं विसरलेलं मागतोय. ते मलाही धड पटत नव्हतं. पण हँडल मारून मारून माझे खांदे इतके दुखत होते की लाजेला जागा उरली नव्हती.

ओमुराली कोट घालूनच दारात आला. आम्हाला ओढून आत नेलं, साय आणि कणकेचे तळलेले बोर्सोक पुढे केले, शामबेतसाठी हात उचलून दुवा मागितली. मग त्याला राहवेना. स्वतःच सुरू झाला.

या कोटाच्या खिशात एक चीज निघाली, म्हणाला. स्वच्छ रुमालात, दोन गाठी मारलेली. दगड म्हणावा तर दगड नाही, लाकूड नाही, वर पितळेची जीभ. मोल्दोला, मशिदीतल्या मौलवीला, दाखवली, त्यालाही सांगता आलं नाही. तेव्हा ओमुरालीने आपल्या मनाशी हिशेब घातला. शामबेतने वीस वर्षं खिंडीतून गाड्या हाकल्या, भलेभले दरीत गेले, त्याच्या गाडीला ओरखडा आला नाही. काळजाशी बांधलेलं हेच ते. त्याने ते चामड्यात शिवलं आणि सुनेच्या गळ्यात बांधलं.

सून, जिपार, चुलीशी बसली होती. सातवा संपत आलेला. तिची आधीची दोन्ही पाचव्यातच गेली, हे गावाला माहीत होतं. गळ्यात काळ्या दोऱ्यावर तिकोनी चामडी पिशवी. आमचं बोलणं चाललं तसा तिचा हात आपोआप त्या पिशवीवर गेला.

"हे बांधल्यापासून झोपते," ओमुराली हळूच म्हणाला. "आधी सारखी उठून बसायची, हलतंय का बघत."

दूलातने माझ्याकडे पाहिलं. तेच का, असं डोळ्यांनीच विचारलं. पिशवीच्या चामड्यातून पितळेच्या पट्टीचं टोक वर आलेलं दिसत होतं. मी मान हलवली.

मी गाऊन कथा सांगणाऱ्यांच्या पायाशी बसून वाढलेला माणूस. कथेत अशी जागा आली की गाणारा सूर लांबवतो, माणसं श्वास धरून बसतात, आणि मग खुदाची करुणा कुठून तरी उतरते. इथे नुसती किटली खदखदत होती. समोर एक थकलेला पोरगा, हाताला फडकी बांधलेली, आणि त्याच्या आईचा सबंध हिवाळा त्या पिशवीत शिवलेला. मी त्याला काहीही खुणावलं नाही. खुणावावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. कोणत्या बाजूने खुणावावं हेच कळेना.

दूलातने वाटी खाली ठेवली.

"बरोबर ओळखलंत, बाइके," तो म्हणाला. "वडील ते कायम जवळ ठेवायचे. मी निरोप घ्यायला आलो होतो."

यात खोटा शब्द कोणता होता, मला अजून सापडलेला नाही.

आम्ही परत आलो. घरी बुरुल-एजे दारातच उभी होती. पोराने तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं.  मी म्हटलं, एजे, माझ्याकडे जर्दाळूचं वाळकं लाकूड आहे, पितळेची पट्टी आहे. उद्यापर्यंत एक कोरून बघतो. घाट उतरेपर्यंत तग धरेल, नाही धरणार, सांगता येत नाही.

तिने दूलातला विचारलं, "घट्ट धरून बसते का ती?"

"हो, आई. हात काढत नाही."

"झोपते म्हणाला?"

"झोपते."

मग ती गोठ्यात गेली. तीन दिवसांत पहिल्यांदा गाडीजवळ गेली. टपावरची धूळ तिने डोक्याच्या रुमालाने पुसायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली.

"लाकूडबिकूड काही कोरू नकोस, तुर्दू," ती आतूनच म्हणाली. "मला वाटत होतं ही नुसती पडलीये, आणि हिच्याबरोबर तोही. तो तर तिकडे, त्या पोरीपाशी, कामावर आहे." मग म्हणाली, "चाकं उचलून आसाखाली विटा दे. टायर बसायला नकोत. आणि जीपवाल्याला सांग, पुढची सीट माझी. मागे मला उलटी होते."

विटा लावता लावता मला संध्याकाळच्या नमाजाची आठवण झाली. हाताचं ग्रीस निघेना, तसाच उभा राहिलो. दुवेत जिपारचं नाव घेतलं. रोटरचंही घ्यावं का, असं क्षणभर मनात आलं. घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. बुरुल-एजेने दोन गाद्या, सायीची बरणी आणि किटली मागे टाकली. पुढे बसून काच वर कर, खाली कर यावरून तिने ड्रायव्हरशी लगेच वाद सुरू केला. दूलात गाद्यांवर टेकला, आणि जीप कालव्याच्या वळणाला पोचायच्या आधी झोपेने त्याची मान कलली.