मोरपिसाखालचा नंबर

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्यानं तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि तिसऱ्यांदाही डिंपलचं नाव काळ्या पट्ट्यात गडप झालं. त्यानं काच पुसली, कागद फिरवून घातला, शाई कमी करून पाहिली. शाई वाढवली की नाव काळ्यात जायचं, कमी केली की अख्खा कागद पांढरा पडायचा. शेवटी त्यानं मूळ कागद हातात घेऊन उजेडात तिरपा धरला आणि विचारलं, "ताई, ही पत्रिका कोणाच्या लग्नाची होय?"

डिंपलनं कागद परत घेतला. तो तिचा डिप्लोमा होता.

दवाखान्यातलं रेकॉर्ड सांभाळण्याचा दोन वर्षांचा कोर्स तिनं सौंसरच्या एका खासगी कॉलेजातून केला होता. दोन वर्षं रोज सकाळी तिगाववरून पांढुर्णा, तिथून बसनं सौंसर, आणि दुपारी तसंच परत. बस चुकली की दीड तास स्टँडवर. आजारी माणसाची फाईल कशी लावायची, कोणता कागद किती वर्षं ठेवायचा, नंबरावरून दोन मिनिटांत माणूस कसा शोधायचा, हे ती मन लावून शिकली आणि बेचाळीस जणांत दुसरी आली. मग एप्रिलमध्ये कॉलेजनं मांडव टाकून कार्यक्रम केला आणि अध्यक्षांच्या हातून प्रत्येकाला डिप्लोमा दिला.

तो साध्या फाईलमध्ये मावत नव्हता, इतका मोठा. भोवती चार बोटं रुंद सोनेरी किनार. चारी कोपऱ्यांत संत्री, पानांसकट. दोन्ही बाजूंना पिसारा फुलवलेले मोर. मधोमध फिकट रंगात सरस्वती, तिच्या वीणेवरूनच अभ्यासक्रमाचं नाव गेलेलं. वर डावीकडे गोल चौकटीत अध्यक्ष भगवंतराव ठोंबऱ्यांचा फेटा बांधलेला फोटो, उजवीकडे त्यांच्या स्वर्गवासी वडिलांचा. डिंपलचं नाव त्या दोघांच्या खाली, सोनेरी पट्टीवर पिवळ्या वळणदार अक्षरात. आणि नोंदणी नंबर उजव्या मोराच्या शेपटीत, पिसांच्या डोळ्यांमध्ये कुठंतरी.

डिंपलचे बाबा, सुखदेव खवसे, त्या दिवशी मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना तो कागद इतका आवडला की संध्याकाळी घरी जायच्या आधी पांढुर्ण्यात उतरून त्यांनी त्याचं लॅमिनेशन करून घेतलं. पुढचे चार दिवस तिगावात येईल त्याला ते तो दाखवत होते. शेजारच्या नत्थूजींनी हात धुऊन, पुसून मगच तो हातात घेतला होता. डिंपललाही तेव्हा तो वाईट दिसला नव्हता. खोटं कशाला सांगायचं, तिनं त्याच्यासोबत सहा फोटो काढले होते.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात रेकॉर्ड विभागात जागा निघाली आणि तिची मुलाखत चांगली झाली, तेव्हा हे सगळं बिघडलं. कागदपत्रं तपासायला मृणाल मॅडम होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दहावी-बारावीच्या मार्कशीटा पाहिल्या, बाजूला ठेवल्या, आणि डिप्लोमा समोर घेऊन बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत होती, म्हणून त्यांनी तो दोनदा फिरवला. मग त्या म्हणाल्या की तिचं काम त्यांना आवडलं आहे, पण हा कागद त्या वर पाठवू शकत नाहीत. नंबर वाचता येत नाही, तर पडताळणी कशी करणार? आणि गेल्या वर्षभरात त्यांच्या टेबलावर जेवढी नकली प्रमाणपत्रं आली, ती सगळी अशीच चमकत होती.

"तुम्ही नकली आहात असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण कागद तसं म्हणतो आहे. आठ दिवसांत कॉलेजकडून साधं पत्र आणा. नाहीतर निदान वाचता येईल अशी झेरॉक्स."

झेरॉक्सच्या मागे चार दिवस गेले; तिचं काय झालं ते पांढुर्ण्यात कळलंच. दुसऱ्या दिवशी ती सौंसरला गेली.

प्राचार्य रवींद्र सर तिला ओळखत होते. नंबर कसा लिहायचा, तारीख कशी लिहायची, हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, मोराकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. पत्र द्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती. त्यांनी लगेच टाईप केलं, प्रिंट काढली, सही केली, शिक्का मारला. डिंपलनं पत्र हातात घेतलं आणि तिला रडावं की हसावं कळेना. सोनेरी किनार होती. कोपऱ्यांत संत्री होती. दोन्ही मोर होते, जरा लहान. वर दोन फोटो. आणि मजकुरातला तिचा नंबर नेमका पुन्हा पिसाऱ्यावर गेला होता.

"सर, साध्या कागदावर नाही का होणार?"

रवींद्र सरांनी आवाज खाली घेतला. अध्यक्षांचा भाचा सौरभ, ज्याचं सौंसरात फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यानं डिप्लोमा, लेटरहेड, हजेरीपट, फीची पावती, सगळं एकाच नमुन्यात करून दिलं होतं. कॉलेजच्या नावाचं कोणतंही पत्र साध्या कागदावर जाऊ नये असा अध्यक्षांचा लेखी आदेश होता. तो आदेशही त्याच कागदावर होता.

तिनं बसमधूनच पत्राचा फोटो मृणाल मॅडमना पाठवला. बस नागपूरच्या रस्त्यावरच्या लोधीखेड्याच्या बाजूनं नव्हे, पांढुर्ण्याकडे निघाली होती, म्हणजे त्या दिवशी नागपूर गाठायचा प्रश्नच नव्हता. अर्ध्या तासानं उत्तर आलं. "या कागदाचा खरेपणा याच कागदावर लिहून दिला आहे?" पुढं काही नव्हतं. मॅडमनी हसण्याचं चिन्हसुद्धा टाकलं नव्हतं, तेच जास्त लागलं.

घरी बाबांना सांगणं सगळ्यात कठीण होतं. इतके दिवस तिनं एवढंच सांगितलं होतं की कागदपत्रांचं चालू आहे. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी विचारलं, कधी जायचं नागपूरले, खोली पाहायची का, आणि तिच्या तोंडून सगळं निघालं. मॅडमना कागद नकली वाटून राहिला. झेरॉक्स निघत नाही. नंबर दिसत नाही. लॅमिनेशनचं ती बोलणार नव्हती, पण तेही निघालं.

सुखदेव उठले. त्यांनी भिंतीजवळ ठेवलेला डिप्लोमा घेतला, चष्मा लावला आणि बोट फिरवत फिरवत नंबर शोधू लागले. डिंपलच्या आईनं दोनदा जेवायला हाक मारली. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी येतो उद्या तुह्यासंगं."

भगवंतराव वाईट माणूस नव्हते. सौंसरच्या पोरींना शिकायला छिंदवाड्याला नाहीतर नागपूरला जावं लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या जागेवर कॉलेज काढलं होतं. तिथं पोरींना कोणी उलटं बोललेलं त्यांना खपत नसे. दुसऱ्या दिवशी बापलेक आले तेव्हा त्यांनी सुखदेवांना खुर्ची दिली, चहा मागवला. पण डिप्लोमाचं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा बदलला. तीन वर्षांपूर्वीपर्यंत कॉलेज साधाच कागद देत होतं, त्यांनी सांगितलं. तेव्हा पालक यायचे आणि म्हणायचे, साहेब, दोन वर्षांचे पैसे भरले आणि हातात राशन दुकानाची पावती दिल्यासारखं वाटून राहिलं. म्हणून त्यांनी हा नमुना केला. स्वतः बसून. संत्री त्यांची कल्पना होती, मोर सौरभचे.

त्यांनी सौरभला बोलावून घेतलं. सौरभ आला, सगळं उभ्यानं ऐकलं आणि म्हणाला की नकली वाटत असेल तर त्यावर चमकणारं होलोग्राम लावता येईल, म्हणजे असली वाटेल. भगवंतरावांना ते एकदम पटलं. डिंपलनं दात आवळले. आठ दिवसांतला सहावा दिवस चालू होता, आणि हे दोघं होलोग्राम मोराच्या डोक्यावर लावायचं की पायाशी, यावर बोलत होते.

"सर," ती म्हणाली, "माझा नंबर वाचून दाखवता का?"

भगवंतरावांनी कागद ओढून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. खिडकीपाशी गेले. लॅमिनेशन चकाकत होतं म्हणून पडदा ओढला, मग दिसेना म्हणून पुन्हा सारला. सौरभनं मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहिला. मामा म्हणाले तीन आहे, भाचा म्हणाला आठ आहे. मधला एक आकडा दोघांनाही सापडला नाही. रवींद्र सर दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत.

"तुमच्याच कॉलेजात शिकली मी, सर," डिंपल म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा चढला होता. "पहिल्याच दिवशी शिकवलं का जो नंबर वाचता येत नाही, तो पेशंट सापडत नाही. आता मीच सापडून नाही राहिली."

भगवंतराव म्हणाले की कागदाची शान काही असते की नाही. पालकांना विचारा. हे बसले आहेत, यांनाच विचारा, यांना आवडला की नाही.

सुखदेवांनी कप खाली ठेवला.

"मले लय आवडला, साहेब," ते म्हणाले. "गावभर दाखवला म्या. मी सातवी शिकलो. मी काही वाचला थोडाच, मी त चमक पाह्यली. मले आवडला, तिथंच चुकलं पाहा. कागद माह्यासाठी नव्हता. जो वाचून तिले काम देईन, त्याच्यासाठी होता."

सौरभनं मोबाइल खिशात घातला. भगवंतराव डिप्लोमाकडे बघत राहिले, मग चिडलेल्या माणसासारखे म्हणाले, "मंग काय पाहिजे तुम्हाले? सांगा न."

डिंपलनं सांगितलं नाही, करून दाखवलं. रवींद्र सरांच्या कंप्युटरवर बसून तिनं पांढऱ्या कागदावर टाईप केलं. वर कॉलेजचं नाव आणि पत्ता. खाली तिचं नाव, बाबांचं नाव, कोर्सचं नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, श्रेणी. नोंदणी नंबर कॉलेजच्या रजिस्टरवरून पाहून, वेगळ्या ओळीत, ठळक, बाजूला काही नाही. खाली दोन सह्यांना जागा आणि मध्ये गोल शिक्का. वीस मिनिटं लागली. प्रिंट निघाली तेव्हा रवींद्र सरांनी ती सही करायच्या आधी एकदा पूर्ण वाचली, आणि वाचताना त्यांना कागद कुठंच फिरवावा लागला नाही.

भगवंतरावांना मात्र तो फार उघडा वाटला. एक फोटो तरी, लहानसा, वर कोपऱ्यात, असं त्यांनी सुचवलं. वडिलांचा नको तर नको. डिंपल म्हणाली, नको. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, नको. तिला त्यांचा राग आला होता आणि थोडी कीवही, पण सहाव्या दिवशी कीव करायला वेळ नव्हता. शेवटी त्यांनी सही केली, मोठी, खालच्या ओळीवर थोडी चढलेली. "एवढंसंच?" ते कागदाला म्हणाले.

कागदाची कॉलेजच्या जावक वहीत नोंद होण्यात सातवा दिवस गेला आणि नागपूरला ती आठव्या दिवशी दुपारी पोचली. मृणाल मॅडमनी कागद पाहिला, नंबर वहीत उतरवला, कॉलेजला फोन लावला आणि दोन मिनिटांत ठेवला. मग त्यांनी तिला सांगितलं की रेकॉर्डची जागा आदल्या दिवशीच भरली. त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला होता, वरून घाई झाली. ओपीडीच्या नोंदणी खिडकीवर एक जागा होती, तीन महिन्यांनी रेकॉर्डमध्ये घेता येईल. बघा, जमत असेल तर.

बाहेरच्या बाकड्यावर बसून डिंपलनं पाच मिनिटं कोणालाच फोन केला नाही. एका मोरापायी तिची जागा गेली होती आणि हे कोणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. मग ती आत गेली आणि हो म्हणाली.

खिडकीवर उभं राहायचं काम होतं. दिवसाला तीनशे माणसं, त्यातली निम्मी नाव सांगताना बापाचं नाव विसरायची. पाय दुखायचे. पण तिला ते जमलं. दिवाळीच्या थोडं आधी, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सौरभचा मेसेज आला. अध्यक्षांनी तिच्या वर्गातल्या बेचाळीसच्या बेचाळीस जणांना नवा कागद द्यायचं ठरवलं होतं, आणि नमुना आधी डिंपलकडून पास करून घे असं सांगितलं होतं.

पहिल्या नमुन्यात किनार अर्धी झाली होती. दुसऱ्यात सरस्वती गेली, फोटो राहिले. तिसऱ्यात फोटो गेले, पण अक्षरं जांभळी झाली. प्रत्येक वेळी ती डबा बाजूला सारून काय काढायचं ते लिहायची आणि प्रत्येक वेळी सौरभ एक काढून दुसरं काहीतरी घालायचा. पाचव्या वेळी तिनं त्याला फोन करून चांगलंच सुनावलं. खिडकीवर तिच्यासोबत काम करणाऱ्या तेजस्विनीला वाटलं, ही घरच्या कोणाशी भांडून राहिली.

सहावा नमुना आला तो पांढरा होता. काळी अक्षरं, बारीक एकेरी रेघ, नंबर वेगळ्या ओळीत. नमुना म्हणून त्यानं तिचंच नाव टाकलं होतं. ती वरपासून खालपर्यंत एका दमात वाचत गेली आणि बापाच्या नावावर थांबली. सुखदेवचं सुकदेव झालं होतं.

तिनं त्यावर लाल गोल काढला आणि परत पाठवून दिला. आता निदान चूक दिसत तरी होती.