मधल्या फळीवरची दुर्बीण

“अजून थोडा अंधार पडू दे,” लॉइड म्हणाला आणि दुकानाचं दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात उभा राहिला. एका डोळ्याला दुर्बीण, दुसरा डोळा मिटलेला. आतली सगळी ऊब त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर चालली होती.

“बाहेर तरी जा, नाहीतर आत तरी ये,” मी म्हटलं. “सगळं गाव तापवायचा मक्ता मी घेतलेला नाही.”

तो निमूटपणे बाहेर गेला. रस्त्यापलीकडे चर्च आहे आणि चर्चच्या मागे स्प्रूसच्या झाडांची दाट रांग. आमच्या दुकानातून रायफलवरची दुर्बीण घेणारा प्रत्येक माणूस दिवस मावळताना त्या झाडांखालच्या काळोखात बघतो. ही माझ्या सासऱ्याच्या वेळेपासूनची रीत. भर उजेडात कुठलीही काच चांगलीच वाटते. हरीण येतं ते दिवेलागणीला, आणि तेव्हा काळोखातून त्याची शिंगं वेगळी काढून दाखवील ती दुर्बीण खरी.

ऑक्टोबर संपत आला होता. मिशिगनच्या या उत्तरेच्या टोकाला पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद असते, दाताचा डॉक्टर बंद असतो, आणि एखाद्याला मरायचं असेल तर त्याने ते पुढच्या आठवड्यावर ढकलावं अशी अपेक्षा असते. त्याआधीचा महिना माझ्या हार्डवेअरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत लॉइड, आडनाव हक्काला, दर गुरुवारी येत होता आणि काहीही न घेता परत जात होता.

लॉइडला गावात सगळे ओळखतात. उभा जन्म त्याने काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. बर्फ पडायला लागला की आम्ही पांघरुणात शिरायचो आणि हा एकटा रस्त्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी टेक्ससला असते, रविवारी फोन करते. स्वभावाने गरीब, बोलायला जरा कमीच. पण शिकारीच्या कॅम्पवर गेला की म्हणे वेगळाच माणूस व्हायचा. देवदारांच्या दलदलीपाशी त्याचं आणि चार मित्रांचं मिळून एक लाकडी खोपट आहे, बाजूला सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली, आहे. त्या पाच जणांनी आयुष्यभर मोसमाचे सगळे दिवस तिथे काढले. त्यातल्या एकाचे गुडघे गेले आणि तो ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला. दोघं टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. उरला होता जीनो, खाणीतल्या इटालियन कामगाराचा मुलगा. तो गेल्या एप्रिलमध्ये गेला. यंदा कॅम्पवर लॉइड एकटाच असणार होता. दोन-तीन जणांनी त्याला आपापल्या कॅम्पवर बोलावलं, पण मोसमाच्या पहिल्या रात्री आपल्या कॅम्पच्या धुराड्यातून धूर निघाला नाही तर बरं दिसणार नाही, असं म्हणून त्याने सगळ्यांना नकार दिला.

त्याची जुनी दुर्बीण एकाच ताकदीची होती, चार पट. या उन्हाळ्यात तिच्यात वाफ शिरली आणि मोतीबिंदू झाल्यासारखी ती पांढरी पडली. नवी घ्यायचं ठरलं खरं, पण घोडं अडलं ते कोणती घ्यायची यावर.

माझ्या काचेच्या कपाटात तीन फळ्या आहेत. खालच्या फळीवरच्या दुर्बिणी दुसऱ्या हिवाळ्यात धुरकट होतात, हे मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते. वरच्या फळीवरच्या शहरातले डॉक्टर घेतात. मधली फळी आमच्यासारख्यांची. तिथे कडं फिरवून ताकद कमी-जास्त करता येणाऱ्या तीन दुर्बिणी होत्या: दोन ते सात पट, तीन ते नऊ आणि चार ते बारा. किंमत जवळजवळ सारखी, काच सारखी, कंपनी एकच. दुसरा कुणी असता तर तीन ते नऊ उचलून दहा मिनिटांत घरी गेला असता.

लॉइडने महिनाभर कीस पाडला. एका गुरुवारी त्याला कड्याचा फिरणारा भाग सैल वाटला. पुढच्या गुरुवारी कडं घट्ट वाटलं, हातमोजा घालून फिरवता येईना. मग पुढची काच मोठी असली तर रायफल पेटीत नीट बसेल का, हा प्रश्न निघाला. मी चिडायचे, टोमणे मारायचे, तो खाली बघून हसायचा आणि नवी शंका काढायचा. शेवटी माझ्या टाळक्यात उजेड पडला. कॅम्पवर कधी कुणी एकट्याने काही घेतलंच नव्हतं. स्टोव्हच्या पाइपावरून म्हणे दोन हिवाळे भांडण चाललं होतं. लॉइडला दुर्बीण हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त त्याला वाद घालायला माणूस हवं होतं. ते कळल्यावर माझा राग गेला आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. वाद मात्र मी सोडला नाही, उलट जोरात घातला.

तर त्या संध्याकाळी तो रस्त्यावरून आत आला आणि चार ते बारा त्याने काउंटरवर ठेवली.

“ही,” तो म्हणाला.

“दोन ते सात घे,” मी म्हटलं. “तुझ्या त्या दलदलीत हरीण दिसलंच तर त्या रंगाच्या डब्यांइतकं जवळ दिसणार. बारा पट मोठं करून काय त्याच्या अंगावरच्या गोचड्या मोजणार आहेस?”

“माझ्या मचाणावरून लांबचं दिसतं. समोर बीव्हरने अडवलेलं तळं आहे.”

“आणि तळ्यापलीकडे?”

“पलीकडचा काठ,” लॉइड म्हणाला.

“काठावर गोळी मारणार आहेस का?”

त्याने दुर्बिणीचं कडं बारापर्यंत फिरवलं, परत चारवर आणलं, परत बारावर नेलं. माणसाने मन पक्कं केलं आहे हे दिसत होतं. मी दुर्बीण रायफलवर बसवून दिली आणि रानात चालताना कडं नेहमी चारवर ठेव, गरज पडली तरच वाढव, असं निक्षून सांगितलं. हो हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात खडीच्या खाणीत जाऊन नेम जुळवून आला आणि मला भोकं पडलेला कागद दाखवून गेला. तीन गोळ्या एका पेल्याखाली झाकता आल्या असत्या.

मोसम उघडला आणि गाव ओस पडलं. आमचे हेसुद्धा भावाच्या कॅम्पवर गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी दुकानात बसून मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात होते. बाहेर बर्फ पडत होता. दार उघडलं आणि लॉइड आत आला, नारिंगी कोट, नारिंगी टोपी, दाढी वाढलेली. मोसम चालू असताना तो कधी गावात आल्याचं मला आठवत नाही.

“कॉफी संपली का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. “चुकलो,” तो म्हणाला. “आज सकाळी. मोठा नर होता, शिंगांना दहा टोकं. मी आयुष्यात पाहिला नव्हता असला.”

मग त्याने सगळं सांगितलं. मागे फांदी मोडल्याचा आवाज आला म्हणून तो वळला, तर नर उभा, अगदी जवळ. रायफल खांद्याला लावली आणि दुर्बिणीत नुसते तपकिरी केस. मान आहे की पुठ्ठा हेही कळेना. थोडी डावीकडे नेली तरी केस, उजवीकडे नेली तरी केस. असल्या वेळी गोळी झाडू नये हे पोरालाही कळतं, पण ती झाडली गेली. तासन् तास त्याने बर्फात रक्त शोधलं. एक थेंबही नव्हता. गोळी एका बर्चच्या खोडात सापडली तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. जनावर जखमी होऊन गेलं असतं तर त्याला ते सहन झालं नसतं.

“बारावर होती?” मी विचारलं.

“बारावर.”

“बारावर कशाला ठेवलीस? किती वेळा सांगितलं मी?”

“जीनोचं मचाण बघत होतो,” लॉइड म्हणाला. “तळ्यापलीकडे त्याचं मचाण आहे. सकाळी उजाडलं की तो थर्मास वर करून दाखवायचा. मीपण दाखवायचो. एवढंच. बारावर ठेवली की फळीवरचे खिळेसुद्धा दिसतात. बसायच्या जागी बर्फ साचलाय. एक खार येऊन बसते.”

मी पेस्टी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. माझ्या जिभेला हाड नाही असं गावात म्हणतात, आणि ते खोटं नाही. त्या वेळी मात्र मी त्या कागदाच्या घड्या दाबत बसले.

लॉइडने कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीवर टाकला आणि माझ्याकडे पाठ केली. विजारीतून त्याने लोकरी चौकड्यांच्या शर्टाची मागची बाजू ओढून बाहेर काढली.

“तेवढं कापून दे,” तो म्हणाला.

आमच्याकडे कॅम्पवर ज्याचा नेम चुकतो त्याला बाकीचे धरतात, त्याच्या शर्टाचं शेपूट कापतात, त्यावर नाव आणि साल लिहून स्टोव्हच्या वर भिंतीला ठोकतात. कापताना त्याचा यथेच्छ उद्धार करायचा असतो. नवाकोरा शर्ट असला तरी सुटका नाही. हे काम बायकांनी केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि दुकानात तर नाहीच नाही.

“अरे, कॅम्पवर कोण विचारणार आहे तुला?” मी म्हटलं. “तू नाही ठोकलंस तर कुणाला कळणार आहे?”

“म्हणून काय झालं? चुकलो ना?” मग तो म्हणाला, “आधी मीच कापायला गेलो. मागे हात पुरत नाही.”

ताडपत्री कापायची मोठी कात्री मी खिळ्यावरून काढली. काउंटरच्या पुढे येऊन त्याच्या मागे उभी राहिले. शर्ट धुऊन धुऊन मऊ झाला होता. कॉलरपाशी कुणीतरी, बहुधा त्यानेच, निळ्या दोऱ्याने वेडेवाकडे टाके घातले होते. मी कापड चिमटीत धरलं आणि कापायला लागले. दुकानात कात्रीचा आवाज तेवढा येत होता.

“बोल ना,” लॉइड मान न वळवता म्हणाला. “गप्प राहून कापलेलं धरत नाहीत.”

“काय बोलू?”

“काहीही. तुला काय, येतं की.”

मी कापड ताणून धरलं.

“लॉइड हक्काला,” मी म्हटलं, “जन्मभर तू बर्फाची गाडी चालवलीस आणि रस्त्याकडेची एक टपालपेटी उभी ठेवली नाहीस. आमची दोनदा आडवी केलीस. तेव्हा बरा नेम चुकला नाही कधी. आणि आज घोड्याएवढं जनावर आपण होऊन पाठीशी येऊन उभं राहिलं, तर तू त्याचे केस बघत बसलास. न्हावी आहेस का रे तू?”

त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

“आणखी,” तो म्हणाला.

मग मी त्याच्या कॉफीवर घसरले, जिच्यात चमचा उभा राहायचा. मग त्याच्या ट्रकवर, जो उतारावर लावल्याशिवाय सुरू होत नाही. जूनमधल्या मिडसमरच्या सणाच्या नाचात त्याने माझ्या नणंदेच्या पायावर पाय देऊन तिला आठवडाभर लंगडवलं होतं, ते काढलं. सौनाला आग लावली होती, ते काढलं. जीनो इथे असता तर त्याने तुझा शर्टच काय, विजारसुद्धा कापली असती, असंही म्हटलं. कापड केव्हाच सुटून माझ्या डाव्या हातात आलं होतं. त्याच्या ते लक्षात येऊ नये म्हणून मी उजव्या हाताने कात्री त्याच्या पाठीमागे तशीच वाजवत ठेवली, आणि बोलत राहिले.