जोडीतलं दुसरं रिव्हॉल्व्हर

डेलमर टॅकेटकडे कोरीव कामाची सदतीस जुनी रिव्हॉल्व्हरं होती, पण तो बोलायचा ते अडतिसाव्याबद्दल. ते त्याच्या धाकट्या भावाकडे होतं, रॉस्कोकडे. एकाच कारागिराने कोरलेली, लागोपाठच्या क्रमांकांची ती जोडी वडिलांची. मरताना त्यांनी एकेक दोघांच्या हातात ठेवलं. भल्या माणसाला वाटलं, यामुळे तरी पोरं एकमेकांना धरून राहतील. झालं भलतंच. अंत्यविधीनंतरच्या जेवणातच डेलमरने विषय काढला.

"जोडी फोडत नसतात, रॉस्को. तुला त्यातलं काय कळतंय? दे ते मला."

"बाबांनी माझ्या हातात दिलंय," रॉस्को म्हणाला आणि उठून गेला.

एवढ्यावरून अकरा वर्षं अबोला. डेलमरच्या टल्साहून रॉस्कोचं पोंका सिटी गाडीने दीड तास, पण दोघेही हट्टाला पेटलेले.

आणि या एप्रिलमध्ये डेलमरच्या दारात एक खोकं आलं. आत चिठ्ठी होती: 'डेल, जोडी तुझ्याकडेच शोभेल. जरा हात फिरवलाय. रॉस्को.'

डेलमरने कापड उलगडलं. रिव्हॉल्व्हर आरशासारखं लखलखत होतं. रॉस्कोचा जन्म गेला ठोकर खाल्लेल्या गाड्या सरळ करून रंगवण्यात. एखाद्या वस्तूवर माया करायची म्हणजे ती नवी कोरी करायची, एवढंच त्याला ठाऊक. आणि इकडे संग्राहकांची रीत अशी की जुन्या पोलादाला साधं फडकंही जोरात लावायचं नाही. त्यावर चढलेली तपकिरी झाक हीच त्याची खूण, तीच त्याची अब्रू. रॉस्कोने ती मशीनवर घासून काढली होती. कोरलेल्या वेलींच्या कडा बोथट झाल्या होत्या, मुठीजवळ कोरलेल्या लांडग्याचे डोळे पुसले गेले होते.

डेलमरने तिथल्या तिथे फोन लावला.

"डेल!" पलीकडून आवाज आला. "पोचलं का रे?"

"मातेरं केलंस त्याचं! अडाणी होतास, अडाणीच राहिलास. त्यापेक्षा नदीत फेकायचं होतंस."

"अरे, मला वाटलं..."

डेलमरने फोन आपटला. त्या क्षणी त्याला भाऊ दिसलाच नाही, पोलाद तेवढं दिसलं. माणूस वाईट नव्हता, पण संग्रहाचं वेड असं आंधळं करतं.

दोन आठवड्यांनी त्याने प्रदर्शनात दोन्ही रिव्हॉल्व्हरं शेजारी मांडली. एक ओळखीचा संग्राहक वाकून बघत म्हणाला, "हे एक कामातून गेलं बघ. कोण गाढव रे?"

"माझा भाऊ आहे तो," डेलमर ताडकन म्हणाला. आपल्याला एवढा राग का आला, हे त्याचं त्यालाच कळेना. रविवारी रॉस्कोला फोन करायचा, असं त्याने मनाशी ठरवलं.

शनिवारी सकाळी रॉस्कोच्या बायकोचा, ओपलचा फोन आला. रॉस्को वर्कशॉपमध्ये कोसळला होता. हृदय थांबलं, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये ओपल त्याच्या शेजारी येऊन बसली.

"सहा महिने त्या रिव्हॉल्व्हरमागे होता हो, डेलमर. मशीनवर घासून झालं की काडीला कापूस गुंडाळून वेलीचं एकेक पान पुसत बसायचा. जेवायला हाका मारून माझा घसा सुकायचा. म्हणायचा, डेल बघेल ना, बोलायचं विसरेल."

ओपल पुढे सांगत राहिली.

"तुमचा फोन आला तेव्हा मी बाजारात गेले होते. आल्यावर विचारलं, काय म्हणाला डेल? तर म्हणाला, 'खूश झाला गं. इतका, की त्याला धड बोलताच येईना.' मग बाहेर जाऊन कितीतरी वेळ गाडीत एकटाच बसला. डोळे लाल करून आला. मी म्हटलं, असू दे, आनंदाचं रडू आहे."

डेलमरचं काळीज फाटलं. खरं काय ते ओरडून सांगावं, तिच्या पायांवर डोकं आपटावं, असं त्याला वाटलं. पण ते खरं सांगितलं असतं, तर रॉस्को त्याच्या बायकोपुढे खोटा पडला असता.

"हो, ओपल," तो कसाबसा म्हणाला. "फार सुंदर केलं होतं त्याने."

आणि तो लहान मुलासारखा हमसून रडू लागला. ओपलने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडा, मोकळे व्हा," ती म्हणाली. "वेळेवर गोड झालं हो तुमचं."