कोपऱ्यातलं कोडं

कॉलेजच्या भित्तिपत्रकाच्या संपादिकेला सगळे टोचणी म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच होता. दर सोमवारी हातानं लिहिलेले कागद ती जिन्याजवळच्या फळ्यावर लावी. गेला महिनाभर मात्र मंगळवारी उजव्या कोपऱ्यातलं शब्दकोडं कुणीतरी नेत होतं. फाडून नाही, कात्रीनं, अगदी सरळ रेषेत.

टोचणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं ठळक अक्षरांत लिहून टाकलं, ‘पुढच्या अंकात चोराचं नाव, फोटोसकट!’ आता नाव दिलं नाही तर कॉलेजभर हसं होणार होतं.

मंगळवारी ती कॅमेरा घेऊन जिन्याखाली दबा धरून बसली. दुपारचे तास सुरू झाले, व्हरांडा ओस पडला आणि प्रयोगशाळेचे एप्रन शिवून देणाऱ्या शिंपीणकाकू आल्या. त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

टोचणीनं कॅमेरा खाली ठेवला. काकू तिच्या मैत्रिणीची आई. आजारपणात अंथरुणावर बसून मैत्रिणीनं वर्षभराची कोडी एकदम लिहून दिली होती, आणि सुट्टी संपायच्या आत ती गेली. टोचणी ते मूळ कागदच फळ्यावर चिकटवत आली होती. पण मैत्रीण गेल्यापासून तिनं त्या घराची पायरीही चढली नव्हती. काय बोलायचं, हेच कळत नव्हतं.

“काकू...”

काकू दचकल्या. “चोरी नाही गं ही. मागच्या महिन्यात एप्रन द्यायला आले आणि तिचं अक्षर दिसलं. तुला विचारणार होते, पण तू घरी येईनाशी झालीस, म्हटलं कशाला त्रास द्यायचा.”

टोचणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आधीची कोडी कुठं आहेत?” काकूंनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं, पण टोचणीनं खरं तेच सांगितलं. “रद्दीत गेली, काकू. दर आठवड्याला जुने कागद आम्ही टाकून देतो. माझ्या लक्षातच आलं नाही हो.”

काकूंनी फळ्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं. “आणि पुढची?”

“एकच उरलंय. आत्ता आणून देते.”

“नको.” काकूंनी फळ्यावरचं कोडं कापून घेतलं आणि कात्री पिशवीत टाकली. “मला नको आणि फळ्यावरही लावू नकोस. तिचं एक तरी यायचं राहिलंय, असं असू दे.”

सोमवारी अंक लागला. चोराचं नाव नव्हतं, कोपराही कोरा होता. पोरं दिवसभर टोचणीची टर उडवत राहिली. संध्याकाळी तिनं शेवटचं कोडं ठेवलेल्या खणाला कुलूप लावलं आणि काकूंच्या घराकडे निघाली.