रकान्यात लिहिलं: आंट

साहेब, ती पोर आपलं माणूस उशाशी नसताना गेली, ती तुमच्या दवाखान्याच्या फॉर्मातल्या एका रकान्यामुळे. उगाच दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर खापर फोडू नका.

बहीण बाळंतपणात गेली तेव्हा शिवणकाम करणाऱ्या या बाईने अकरा दिवसांची पोर पदरात घेतली. बापाने महिन्याभरात हात झटकले आणि दुसरा संसार थाटला. पोर बोलायला लागली आणि हिला "आई" म्हणाली, तर हिने तिला उचलून भिंतीवरच्या फोटोसमोर धरलं.

"आई ती. मी मावशी. एवढं एक तरी तिचं तिच्याकडे राहू दे."

वीस वर्षं हा शिरस्ता मोडला नाही.

गेल्या मंगळवारी भरदुपारी पोरीला टेम्पोने उडवलं. मावशी गळ्यातल्या मापाच्या टेपसकट दवाखान्यात धावली.

"पेशंटच्या कोण तुम्ही?" काउंटरवरच्या कारकुनाने विचारलं.

"मावशी."

त्याने टाइप केलं, आंट. "आंटला आयसीयूत सोडत नाहीत. आई, बाप, नवरा, बस."

"आंट म्हणजे काय हो?"

"मावशी, काकू, आत्या, मामी, सगळ्या आंटच."

"सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबलंत? आणि शेजारीण?"

"तीपण आंटीच." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, आई आहात का तुम्ही?"

एका शब्दाचं काम होतं. कुणी जीभ धरली नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढे बहीण उभी राहिली.

"नाही. मावशीच."

बापाला फोन गेला. तासाभराने तो आला. त्याला कुणी अडवलं नाही. दोन मिनिटांत बाहेर.

"मला ओळखतच नाही ती," तो मान खाली घालून म्हणाला. "तुम्हालाच हाका मारतेय."

मावशी दाराकडे झेपावली. कारकून आडवा आला. काचेला तोंड लावून ती ओरडली, "ए चिमणे, इथंच आहे गं मी!" आत जाड पडदा. पडद्याआड यंत्राचा आवाज एकसुरी झाला, तरी ही ओरडतच होती.

दुसऱ्या दिवशी बापाच्या सहीवर पोर ताब्यात मिळाली.

साहेब, बाप तुमच्या यादीत बसत होता, बसला. आता एवढंच सांगा: ती हाका मारत होती तेव्हा 'ओ' द्यायला तुम्ही कुणाला आत सोडलंत? मान हलवून भागणार नाही. लेखी द्या, सहीशिक्क्यानिशी.