दुकानाच्या आवारातला मुक्काम

मी एक जुनी मिनीबस आहे, मित्रांनो. पांढरकवड्यात हमरस्त्याला लागून एक मोठं दुकान आहे. किराणा, कपडे, भांडी, सगळं तिथं एका छपराखाली मिळतं. त्या दुकानाच्या आवारात, मागच्या फाटकाजवळ, मी जानेवारीपासून उभी आहे. माझ्या खिडक्यांना बारीक आरसे टाकून शिवलेले लाल पडदे आहेत. खरेदीला आलेली मुलं काचेला नाक लावून आत बघतात. आतली गादी आणि शेगडी बघून त्यांना हसू येतं. "आई, या गाडीत कोण राहते?" असं ती विचारतात, आणि आई त्यांना हाताला धरून पुढं नेते. म्हणून आज मीच सांगते.

माझं इंजिन दूरच्या कारखान्यात बनलं, पण अंगावरचा पत्रा नागपूरच्या एका कारागिरानं चढवला. त्यानं मला पिवळा रंग दिला आणि बाजूला निळ्या अक्षरांत दारव्ह्याच्या एका शाळेचं नाव लिहिलं. रोज सकाळी मी बोरी अरबला जायची आणि वाटेतल्या गावांमधून मुलं गोळा करायची. मुलांनी माझ्या सीटांवर कर्कटकानं नावं कोरली. खिडकीच्या फटीत चिंचोके कोंबले. एका मुलीला रोज त्याच वळणावर उलटी व्हायची, आणि रोज सगळी मिळून तिला लिंबू द्यायची. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालायचे, तेव्हा शाळेचे मास्तरसुद्धा माझ्यासोबत फोटो काढायचे. त्या दिवसांत मला वाटायचं, आपण कायमच्या अशाच पळत राहणार.

मग एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं की मुलांना न्यायला ही गाडी आता योग्य नाही. शाळेनं नवी बस आणली. मला बोरी अरबच्या एका गॅरेजमागं नेऊन उभं केलं. तिथं माझ्या चाकांभोवती गवत वाढलं. मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. कुणी येऊन आरसा काढून न्यायचं, कुणी दिवा. मला ना बोलता येत होतं, ना हलता. तीन पावसाळे मी तशीच भिजले.

एक दिवस खेमसिंग आला. तो दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. एसटीच्या डेपोत त्याचा जन्म बस दुरुस्त करण्यात गेला होता आणि नुकताच तो निवृत्त झाला होता. तो आला होता कुणाच्या तरी गाडीसाठी माझा एक सुटा भाग काढायला. त्यानं बॉनेट उघडलं, हात काळे होईस्तोवर आत चाचपलं आणि तसंच बंद केलं.

"हिचं काळीज चांगलं हाय," तो गॅरेजवाल्याला म्हणाला. "हिले तोडू नका. मले पायजे."

गॅरेजवाला हसला. "कायले, काका? आता शाळा उघडता का?"

"नाई. घर करतो हिचं."

आणि खरंच त्यानं घर केलं. मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग ठोकला. पाण्याची टाकी बसवली, शेगडीला कडी लावली, म्हणजे वळणावर ती घसरू नये. सरकारी कागद बदलून आणले. त्याची बायको रुपीबाई रोज जेवणाचा डबा घेऊन यायची आणि माझ्या पायरीवर बसून पडदे शिवायची. तिची आजी बैलांच्या तांड्याबरोबर मीठ वाहत गावोगाव फिरलेली होती, आणि रुपीबाई मात्र लग्नानंतर माहूरच्या पुढं कुठं गेली नव्हती. खेमसिंगला याचीच रुखरुख होती. "साऱ्या दुनियेच्या गाड्या दुरुस्त केल्या मी," तो म्हणायचा, "आन् तुले काई दाखवलं नाई."

पहिल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा रुपीबाई पुढच्या सीटवर बसली आणि हात बाहेर काढून वारा पकडत राहिली. त्या हिवाळ्यात आम्ही आदिलाबाद पाहिलं, निर्मल पाहिलं, थेट हैदराबादपर्यंत गेलो. मी ताशी चाळीसनंच चालायची. त्यांना काही घाई नव्हती.

पण मित्रांनो, चाकांवरच्या घराची खरी अडचण संध्याकाळी सुरू होते. उभं कुठं राहायचं? ढाब्यावर ट्रकांची ये-जा थांबत नाही, रुपीबाईला डोळ्याला डोळा लागायचा नाही. पेट्रोल पंपावरचे लोक थोड्या वेळानं काच वाजवायचे. गावात थांबलं तर लोक जमायचे आणि विचारायचे, काय विकता? काही विकत नाही म्हटलं की त्यांना जास्तच संशय यायचा.

असंच फिरत फिरत आम्ही पांढरकवड्याला या दुकानाच्या आवारात आलो. दुकान बंद होत होतं. पहारेकरी हातात काठी घेऊन आला. तो उकंडा, जवळच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा माणूस.

"इथं काहून थांबले, बाबा?"

"रातभर टेकू दे, भाऊ. बायको हाय संगं. सकाळी दुकान उघडाच्या आत निघतो."

उकंडानं आत डोकावून पाहिलं. रुपीबाईनं त्याच्यापुढं चहाचा कप धरला. तो थोडा अवघडला, मग त्यानं काठी माझ्या अंगाला टेकवून ठेवली आणि कप घेतला.

"शेगडी भायेर काढू नका," तो म्हणाला. "पाणी इथं सांडू नका. आन् हे गाडी त्या खांबाखाली लावा, उजेडात. मले दिसली पायजे."

तेव्हापासून जाता-येता आमचा मुक्काम तिथंच असायचा. रुपीबाई निघण्याआधी आवार झाडायची. दुकानातून साबण नाहीतर बिस्किटं तरी घ्यायचीच. फुकट राहिलं असं कुणी म्हणू नये, हा तिचा हट्ट. तीन हिवाळे असे गेले. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

मग रुपीबाई विसरायला लागली. आधी वरणात दोनदा मीठ पडलं. मग एकदा चहा करता करता ती थांबली आणि हातातल्या गाळणीकडं बघत राहिली, जणू ती कशासाठी असते तेच तिला आठवेना. पुढं पुढं तिची मराठी कमी झाली, लहानपणची बंजाऱ्यांची गोरबोलीच तेवढी तोंडात राहिली. संध्याकाळ झाली की ती लुगड्याचं गाठोडं बांधायची. तांडा निघतोय, म्हणायची, मागं राहिलो तर सापडणार नाही. खेमसिंग हळूच गाठोडं सोडायचा आणि तिच्याजवळ बसून राहायचा.

त्यांची मुलगी राखी यवतमाळला दवाखान्यात नर्स आहे. ती आईला याडी म्हणते. तिचा फोन आला की खेमसिंग बाहेर जाऊन बोलायचा, पण मला ऐकू यायचं.

"बा, आता बस झालं. याडीले घेऊन घरी ये. तिले असं रस्त्यावर ठेवशीन का?"

"घरी ठेवून पाह्यली, राखी. दिवसभर रडते. दार ठोकते. गाडीत बसली का हसते. मी काय करू, सांग."

मला ठाऊक नव्हतं, कोण बरोबर होतं ते. आजही नाही.

या जानेवारीत आम्ही परत आलो तेव्हा आवारात नवी पाटी होती. रात्री वाहन उभे करण्यास मनाई आहे. उकंडा बहिणीच्या लग्नाला पोडावर गेला होता. दुकानाचा व्यवस्थापक धर्मपाल स्वतः बाहेर आला. माणूस वाईट नव्हता, पण वरून हुकूम आला होता आणि त्याला नोकरी सांभाळायची होती.

"काका, आता नाई जमत. कॅमेऱ्यात दिसते सगळं. मले फोन येते."

"दोनशे किलोमीटर चालवून आलो, साहेब. अंगात ताप हाय माह्या. आजची रात."

धर्मपालनं माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीतल्या रुपीबाईकडं. "मागच्या फाटकापाशी लावा मग. तिथं कॅमेरा नाई. सकाळी सहाला निघा."

मागच्या फाटकापाशी दिवा नव्हता. त्या फाटकाला कुलूपही नव्हतं, कारण पहाटे मालाच्या गाड्या तिथूनच येतात. खेमसिंगनं तापाची गोळी घेतली, माझ्या दाराची कडी लावली आणि दोनदा हलवून पाहिली. ती कडी झिजली होती. नवी बसवायची असं तो आठवडाभर म्हणत होता. पण त्या दिवशी त्याच्यात ताकदच नव्हती.

उजाडायच्या सुमाराला दाट धुकं पडलं होतं. रुपीबाई उठली. तिनं गाठोडं बांधलं. खेमसिंग भिंतीकडं तोंड करून गाढ झोपला होता. तिनं दार एकदा ढकललं, दुसऱ्यांदा ढकललं, आणि कडी निसटली.

ती खाली उतरली तेव्हा माझी पायरी करकरली. मी मनात म्हटलं, खेमसिंग, ऊठ. मला वाटलं, भोंगा तरी वाजावा. पण भोंगा वाजायला कुणाचा तरी हात लागतो. रुपीबाई फिरून माझ्यासमोर आली. बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"चाल," ती म्हणाली, "तांडो निकळगो."

तांडा निघाला, चल. ती मला बोलवत होती, मित्रांनो. तिनं दोनदा थोपटलं. मी हलेना, तेव्हा ती जरा वेळ थांबली. कितीतरी वेळ मला वाटत होतं की ती कंटाळून परत आत चढेल. मग ती वळली आणि एकटीच फाटकातून धुक्यात गेली. तिच्या चपला उलट्या पायांत होत्या. त्यांचा आवाज मी ऐकत राहिले, तोही थांबला.

अर्ध्या तासानं मालाची गाडी आली आणि तिच्या आवाजानं खेमसिंग जागा झाला. त्यानं पलंगावर हात फिरवला. मग अनवाणीच बाहेर धावला. "रुपी! रुपी!" हमरस्त्यापर्यंत गेला, परत आला. मला चालू करायला बसला, पण रुपी कुठल्या बाजूला गेली तेच त्याला ठाऊक नव्हतं. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. मी त्याच्या इतकी जवळ होते आणि त्याला काहीच देऊ शकत नव्हते.

धर्मपाल आला तो मोटरसायकल तशीच वळवून शोधायला गेला. बातमी ऐकून उकंडा लग्नातून उठून आला, सोबत पोडावरची दहा-बारा माणसं घेऊन. त्यांनी ओढे पाहिले, जंगलाची कड पाहिली. राखी दुपारी पोचली. तिनं आधी बापाच्या पायांत चपला सरकवल्या. पोलिसांतही सांगून झालं. संध्याकाळी सगळे माझ्या पायरीपाशी जमले तेव्हा धर्मपाल म्हणाला, "केळापूरच्या रस्त्यानं गेली हे नक्की. सात जणायनं पाह्यलं तिले. पेपरवाल्यानं, दूधवाल्यानं, टपरीवाल्यानं. पंपावरच्या पोरीनं. दोन मास्तर फिराले निघाले होते, त्यायनं. एक बाई बसची वाट पाहून राह्यली होती, तिनंबी."

"मंग कोनी थांबवलं काहून नाई?" उकंडानं विचारलं.

"सगळ्यायले वाटलं, केळापूरच्या देवीच्या देवळात चालली."

रात्रभर खेमसिंग माझ्या पायरीवर बसून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. केळापूरच्या पलीकडं तानाबाई नावाची शेतकरीण बायांबरोबर कापसाची शेवटची वेचणी करत होती. पऱ्हाटीच्या ओळीत तिला रुपीबाई बसलेली दिसली. पाय फुटलेले, ओठ सुकलेले. तानाबाईनं तिला मांडीवर घेतलं, कापडाच्या बोळ्यानं पाणी पाजलं आणि आपल्या लुगड्याची चिंधी फाडून तिच्या पायांना बांधली. बोली कळत नव्हती तरी ती तिच्याशी बोलत राहिली.

रुपीबाई वाचली. पण थंडी छातीत बसली होती. राखीनं तिला यवतमाळला नेलं. खेमसिंग दवाखान्याच्या गाडीत बसायच्या आधी मागं वळला आणि माझी कडी हातात धरून उभा राहिला. राखीनं त्याला हाताला धरून नेलं.

त्यानंतर तो एकदाच आला, होळीच्या आधी, एसटीनं. रुपीबाई आता अंथरुणातून उठत नाही, असं त्यानं उकंडाला सांगितलं. "मले वळखत नाई. पण हात सोडत नाई." राखीनं त्याला गाडी चालवायची नाही अशी शपथ घातली आहे. आतली भांडी घेऊन तो गेला. गादी, शेगडी आणि पडदे तेवढे राहू दिले.

दुकानाच्या वरच्या लोकांना मी इथं नको आहे. क्रेन येणार म्हणतात. धर्मपालनं दोनदा ती पुढं ढकलली, आता त्याच्याही हातात फार काही उरलं नाही. मात्र वरच्यांशी भांडून ती मनाईची पाटी त्यानं काढली. आता तिथं लिहिलंय, रात्री थांबायचे असल्यास पहारेकऱ्यास सांगावे. परवा एक म्हातारं जोडपं व्हॅन घेऊन आलं, तर उकंडानं त्यांना खांबाखाली, उजेडात जागा दिली.

मित्रांनो, दुकानाच्या आवारात एखादी पडद्यांची गाडी उभी दिसली, तर नाक मुरडून पुढं जाऊ नका. आत माणसं असतात. त्यांना पाणी हवं असेल, औषध हवं असेल. आणि पहाटे एखादी आजी गाठोडं घेऊन एकटी चाललेली दिसली, तर ती देवळातच चालली असं धरून चालू नका. "आजी, कुठं निघाल्या?" एवढंच विचारा. पुढचं सुचेल तुम्हाला. तिच्या जवळ उभे राहा, कुणी येईपर्यंत.

त्या सकाळी रुपीबाईला सात जणांनी पाहिलं होतं. आठवी मी. पण मला बोलता येत नव्हतं.